वही

गुदैबियाच्या गल्लीत गंगाराम रेवाळेची लाँड्री.
गिऱ्हाइकांची नावं त्याच्या लक्षात राहत नसत,
अरबी तर नाहीच.
म्हणून वहीत आपला लिहायचा:
कबूतर, तीन शर्ट. घोरपड, कंदुरा, घाई.
मावशीचा नवरा, उधारी.
(मावशी कोण, ते त्यालाही सांगता येईना.)

एका रात्री वही गेली.
दोघे आले होते म्हणे, एसी दुरुस्त करायला.
एसी उघडा टाकून गेले,
ऐन जुलैत.

तिसऱ्या दिवशी मला बोलावणं.
मी शेजारचा टायपिंगवाला परकार, खेडचा,
लोकांच्या व्हिसावर पोट भरणारा.
खोलीत खजूर होते, गहवा होता,
खुर्ची मऊ होती
आणि दाराला आतून मूठ नव्हती.
‘वाच.’
वाचलं:
कबूतर. गुरुवारी उडवला. पूर्ण गेला नाही.
पुन्हा उडवावा लागेल.

आता, डाग उडवतात हे मला ठाऊक होतं.
अम्मीनं जन्मभर उडवले, हळदीचे, कोकमाचे.
पण वहीत ‘डाग’ हा शब्दच नव्हता,
गंगारामनं आळस केला होता,
आणि घाबरलेल्या माणसाची इंग्रजी
शब्दाला शब्द लावत सरळ चालते.
समोरच्यानं लिहून घेताना पेन दोनदा दाबलं.
मग मी सांगत बसलो, साहेब, डाग, कपड्यावरचा, हळद...
तो म्हणाला, हळद म्हणजे कोण?

कबूतर विमानतळावर सापडला.
पलक्कडचा सुधाकरन, औषधाच्या दुकानातला,
राखाडी शर्ट, बॅगेत मुलीसाठी वाळे.
शर्टावरचा डाग तपासणीला गेला.
चार महिन्यांनी अहवाल आला: सांबार.
तोवर सुधाकरन गेला होता.
कागदावर उष्माघात. कोठडीत एसी होता,
चालू की बंद, ते कुणी लिहिलं नाही.

गंगारामला अंगावरच्या कपड्यांनिशी घरी धाडलं.
आयुष्यात पहिल्यांदा बिनइस्त्रीचे.

दुकानात आता सियालकोटचा पोरगा आहे.
मागच्या खुंटीला एक निळा सूट लोंबतो,
वही जायच्या आठवडाभर आधी आलेला.
काल एकजण तो न्यायला आला.
पोरानं मला हाक मारली, चाचा, चिठ्ठी वाचा.
गंगारामचंच अक्षर:
सारखामागेबघ्या. सूट एक. पैसे बाकी.

मी पहिला शब्द गिळला.
म्हटलं, साहेब, आठशे फिल्स.
त्यानं आधी मागे बघितलं,
मग पाकीट काढलं.