माग थांबले की

विट्यात आमच्या गल्लीत
लाइट गेली की आधी अंधार होत नाही,
आधी शांतता होते.
बावीस माग एकदम श्वास धरतात
आणि मग एकेका घरातून
पोरं रडायला लागतात.

आमची रुंजी आठ महिन्यांची.
नववा लागेपर्यंत मी कांड्या भरत होते.
धोटा डावीकडून उजवीकडे जायचा,
ती उजवीकडून डावीकडे फिरायची.
तिला वाटलं असणार, जग म्हणजे हेच:
एक आवाज,
जो कुणाला उद्देशून नाही.

दिवाळीनंतर सूत महागलं.
मालकांनी तीन आठवडे माग उभे ठेवले.
पहिल्या रात्री मी भिंतीला हात लावून पाहिला,
भिंत हलत नव्हती.
दुसऱ्या रात्री कळलं, आमच्या घरात घड्याळ आहे.
पाल आहे.
पलीकडच्या चोथेकाकू झोपेत उधारीचा हिशेब करतात.
आणि रुंजी प्रत्येकासाठी डोळे उघडते,
बिजागरीसाठी, कुत्र्यासाठी,
कराडकडे निघालेल्या उसाच्या ट्रकसाठी,
जणू सगळे तिलाच हाक मारतायत
आणि ओ देणं तिचं काम आहे.

डॉक्टर शिकलगार बाई म्हणाल्या,
तिला शांततेची सवय नाही, एवढंच.
मोबाइलवर पांढरा आवाज मिळतो, तो लावा.
पण लांब ठेवा. हळू ठेवा.
झोप लागली की बंद करा.
कान कोवळे असतात, बाई.

पांढरा आवाज, मी प्रल्हादला सांगितलं.
काय?
पांढरा! आवाज!
त्यानं जरा विचार केला.
म्हणजे रंगाला न गेलेल्या सुतासारखा, म्हणाला.
सगळं त्यातच, अजून काही झालेलं नाही.

मोबाइलमध्ये पाऊस होता, धबधबा होता,
केस वाळवायचं यंत्र होतं,
आणि एकावर लिहिलेलं: आईचं पोट.
ते लावलं.
लांब कुठेतरी पाण्याखाली धक, धक.
रुंजीनं ओठ काढला.
खरंच आहे तिचं,
माझ्या पोटात असं काही नव्हतं,
माझ्या पोटात कारखाना होता.

शेवटी काकूंचा टेबलफॅन आणला,
जाळी तुटलेला, बेअरिंग कोरडं पडलेला.
थंडीचे दिवस, म्हणून फळीवर उंच ठेवला,
तोंड भिंतीकडे,
शिक्षा झालेल्या पोरासारखं.
खर्र्र्र.
रुंजीनं एकदा छताकडे बघितलं,
एकदा माझ्याकडे,
आणि मूठ सोडली.

रात्री प्रल्हाद उठला.
चालू आहे ना गं?
चौदा वर्षं, बारा-बारा तास मागावर.
फॅन एकवर होता, त्यानं तीनवर केला.
तो आडवा झाल्यावर मी एकवर आणला.
पुन्हा उठला.
पुन्हा मी.
काही बोललो नाही.
तिसऱ्या वेळी त्यानं बटणाला हात लावला नाही,
फॅनच्या पाठीवर तळवा ठेवला,
तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा,
आणि स्वतःशीच म्हणाला,
आहे, आहे.

जिला झोपवायला हा आवाज शोधत होते
तिच्या बापाचे कान त्यानंच नेलेत,
हे मला माहीत नव्हतं असं नाही.
पण त्या रात्री ते दोघं
एकाच खोलीत माझ्या दोन बाजूंना होते.

माग सुरू झाले एका सोमवारी, पहाटे.
भिंत हलली.
रुंजी जागी झाली नाही.
मी कारखान्याकडची खिडकी लावून घेतली,
लग्नानंतर पहिल्यांदा,
आणि प्रल्हादच्या डब्याच्या फडक्यात
कापसाचे दोन बोळे बांधले.

संध्याकाळी डबा परत आला.
फडकं होतं, बोळे नव्हते.
कानात घातले की वाटेत टाकले,
विचारलं नाही.
विचारायचं तर मोठ्यानं विचारावं लागलं असतं
आणि रुंजीचा नुकताच डोळा लागला होता.