चार बोटं

बजेट होतं एकोणीस हजार.
त्यातले चार गेले ड्रोनवाल्याला
अन् ड्रोन गेला सोसायटीच्या गोदामामागच्या बोरीत.
उरलेल्या पैशात जग वाचवायचं होतं,
निदान लाखांदूर तालुका तरी.

निकेश दोनाडकर, फोटो स्टुडिओवाला,
आधार कार्डाचे, बारशाचे, मयताचे फोटो काढून कंटाळलेला,
म्हणाला, भाऊ, मोठे हिरो मोठ्या शहरात राह्यतात.
आपण बारक्या पॉवरवाल्यांचा पिक्चर काढू.
त्यायले सकाळी उठून दात घासा लागतात,
राशनच्या लाईनीत थैली ठेवा लागते.

मला मिळाली उडायची पॉवर.
फक्त चार बोटं.
बल्ब बदलायला स्टूल लागतोच.
चिखलात चप्पल भरत नाही, एवढाच फायदा,
अन् कुत्रे भुंकतात.
गुरांच्या दवाखान्यात शिपाई आहे मी,
कुत्र्यांचं मला नवं नाही.

टिकाराम बुराडेला लाईन जायच्या पाच मिनिटं आधी कळायचं.
येणार कधी, असं गावानं विचारलं
की तो खांबासारखा गप्प उभा.
मुखरूला म्हशींची भाषा यायची.
अख्खे तीन दिवस त्यानं गोठ्यात कान लावून काढले.
शेवटी म्हैस बोलली:
सरक.

पाठीवरचं कापड मंडप डेकोरेशनचं,
लाल-पिवळं, झालरीसकट.
आम्ही त्याला झूल म्हणायचो,
पोळ्याला बैलाच्या अंगावर टाकतात तसली.

खलनायक नव्हता. खलनायक म्हटला की मानधन आलं.
म्हणून निकेशनं लिहिलं:
चौघंही पानठेल्यावर बसून वाट पाहतात
कुणी हाक मारेल याची.
एकदा फोन वाजतो. विम्याचा असतो.
एकदा तहसीलला जातात, वीरपणाचा दाखला मागायला.
बाबू म्हणतो, रहिवासी जोडा,
अन् पॉवर कोणत्या साली आली
ते तलाठ्याकडून लिहून आणा.

सुगंधा कुथे रोवण्याला जाणारी.
तिची पॉवर: कुणाला न दिसणं.
निकेश म्हणाला, याले खर्च नाही,
तू फक्त चाल.
ती बँकेत शिरली. खरी बँक, सोमवारची गर्दी.
रांग ओलांडून काउंटरला जाऊन टेकली,
आत गेली, साहेबाच्या टेबलावरचं पेन उचललं,
पाहिलं, ठेवलं, परत आली.
अंगावर लाल-पिवळी झूल.
कोणी मान वर केली नाही.
मोबाईल मी धरला होता. हात हलला माझा.
कट म्हणायचं निकेश विसरला,
म्हणून तो शॉट इतका लांब आहे.

धान कापून झाल्यावर गोदामाच्या भिंतीवर दाखवला.
मी उडालो तेव्हा पोट्टे ओरडले,
अबे, पाट दिसून राह्यला बे!
दिसत होता. सात ठिकाणी. मी मोजलं.
मग टिकाराम भिंतीवरून म्हणाला, आता लाईन जाते,
अन् गेली.
अख्खं गाव अंधारात टाळ्या वाजवत उभं राहिलं,
अन् खरा टिकाराम सतरंजीवरून ओरडला,
म्या नाही बाप्पा केलं!

लाईन आली तासाभरानं.
तोवर अर्धे घरी जाऊन जेवले, झोपले.
उरलेल्यांनी बँकेचा सीन पाहिला,
त्यात हसले नाहीत,
खोकले थोडं.
सुगंधाची सासू म्हणाली,
यात तू कोणती होती वं?
सुगंधा इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला.
थेच तं काम होतं, मामी.

परवा एक म्हातारा बकरी घेऊन आला दवाखान्यात.
म्हणे, थोडा उड नं, घाबरते का पाहू.
मी म्हटलं, गुडघा दुखते.
मुखरूच्या झुलीच्या त्याच्या बायकोनं उशा केल्या,
टिकारामची निकेशनं परत मागितली, डिपॉझिट होतं म्हणून.
सुगंधाची झूल तिच्या धानाच्या पुंजण्यावर आहे,
चार कोपऱ्यांना चार दगड,
वारा सुटला की झालर फडफडते.
सडकेवरून दिसते.
एसटीतूनही.