खाईवाल

रामबागेत बापूंना सगळे खाईवाल म्हणत.
मला लहानपणी वाटायचं, खातात म्हणून.
कारण मी पाहिलं होतं :
पोलीस जिन्यात आले तेव्हा
आकड्यांच्या चिठ्ठ्या त्यांनी पोह्यांत कालवल्या,
वर जिरावण भुरभुरलं,
आणि शांतपणे, एकेक घास,
अख्खा भारत-श्रीलंका सामना संपवला.

आता माझा भाचा निनाद कायदा शिकतो.
जेवताना म्हणतो, मावशी, सरळ परवाने द्यावेत.
लोक खेळतातच. मग पावती मिळू दे,
कर भरू दे, त्यातून चार मैदानं होऊ देत,
हरणाऱ्याला कोर्टाचं दार असू दे.

बरोबर आहे.
हवालदाराचं गुरुवारचं पाकीट
मीच नेऊन देत असे, कंपासपेटीतून.
ते वाचलं असतं.
आणि नंदानगरचे ते दोघे भाऊ,
कुणाची लूना, कुणाचा टीव्ही उचलून आणणारे,
त्यांना दुसरं काम शोधावं लागलं असतं.

तरी.
बापू कधीकधी नाही म्हणायचे.
भावसारांचा पोरगा एका रात्रीत दुसऱ्यांदा आला
तेव्हा दारातूनच परत पाठवला त्याला :
"भिया, बहिणीचं लग्न आहे ना वैशाखात?
घरी जा."
निनादच्या फोनमध्ये हे कोण म्हणणार?
तो तर रात्री दोनला हरल्यावर
शंभर रुपये बोनस देतो, नावानिशी,
वर फुगे उडवतो.

पण मी बापूंचा देव करत नाही.
काशिनाथ मेढेकरांना ते नाही म्हणाले नव्हते.
शेवटच्या षटकात अकरा धावा हव्या होत्या,
आणि शिंपीकामाचे तसे दिवस वाईट नव्हते.
दुसऱ्या सकाळी त्यांचं शिलाई मशीन
हातगाडीवरून आमच्या दारात आलं.
मागून ते स्वतः, तेलाची कुपी घेऊन.
आईला म्हणाले, वहिनी, आठवड्याला दोन थेंब,
चाकाच्या उजव्या अंगाला.

माझा शाळेचा गणवेश त्यावरच शिवला,
निनादची झबलीपण.

तो विचारतो, मग तुझं मत काय? हो की नाही?
मी म्हणते, भात घे.

मशीन अजून चालतं.
तेल मी घालते, दोन थेंब, उजवीकडे.
त्याची पावती
आमच्याकडे नाही.
त्यांच्याकडेही नव्हती.