शेपटीवाला सी

नार्वेच्या धक्क्यावर रेंज नसते.
घरात तर नाहीच. न्हाणीमागच्या शेवग्याखाली
एक कांडी उभी राहते,
वारा आला की तीही पडते.
पण फेरीबोट दिवाडीकडे निघाली
आणि नदीच्या मधोमध पोचली
की सगळ्यांचे खिसे एकदम वाजू लागतात.
पावाच्या टोपलीला टेकलेला आग्नेल,
कॉलेजच्या दोन मुली,
हेल्मेट न काढलेला पोस्टमन,
सगळ्यांच्या माना खाली,
जणू कुणी आरती सुरू केली.

रात्री मागवलेला माझा सहा आकडी कोड
सकाळी आठ वीसला, इथं येतो.
त्याचं दहा मिनिटांचं आयुष्य
शेवग्याखालीच संपलेलं असतं.

नकाशात मी निळा ठिपका, पाण्यात.
आतली बाई सांगते, शंभर मीटरवर डावीकडे वळा.
खलाशी रुझार म्हणतो, वळा की,
परवा तिथंच मगर ऊन खात पडली होती.

तर मुद्दा पासवर्डचा.
विसरले. कोड मिळत नाही म्हटल्यावर
बँकेच्या यंत्राने जुना प्रश्न काढला,
दोन हजार सहात मीच निवडलेला:
तुमच्या जिवलग मैत्रिणीचं नाव काय?
प्रयत्न तीन.

एस्पेरान्सा, दुसरं कोण?
चुकीचं उत्तर.
एस्पी लिहिलं. आम्ही तिला एस्पीच म्हणायचो,
चिंचा पाडताना, गणिताची वही ढापताना.
चुकीचं उत्तर.
मग आठवलं, तिच्या नावातल्या सीला
खाली एक बारीक शेपटी असायची.
वहीच्या कव्हरावर ती शेपटी लांबवत लांबवत
मासोळी करून टाकायची.
कीबोर्डवर शेपटीचं बटण नाही.
तेव्हाही नसणार.
मग तेव्हा मी काय लिहिलं?
की दुसऱ्याच कुणाचं नाव लिहिलं?

कारण दोन हजार सहात आम्ही बोलत नव्हतो.
तिच्या लग्नाला मी गेले नाही.
फेरी बंद होती, असा निरोप धाडला.
फेरी चालू होती.
निळी साडी इस्त्रीवाल्याकडून आली नव्हती, एवढंच,
आणि दुसरी नेसून जायचं
त्या संध्याकाळी का कोण जाणे जमलं नाही.
नदीकाठी राहणाऱ्या माणसाला
फेरीचं खोटं सांगू नये.
तिच्या घराच्या पायरीवरून
आमचा धक्का दिसतो.

तिसरा प्रयत्न मी केला नाही.
बँकेत गेले. तिथल्या मुलीने अंगठा मागितला.
यंत्राला माझा अंगठाही पटेना,
काजू सोलून सोलून डिकाने रेषा खाल्ल्या आहेत.
ती म्हणाली, मावशी, नवा प्रश्न निवडा,
आवडता पदार्थ घ्या, सोपा असतो.
आवडता पदार्थ दर पावसाळ्यात बदलतो गं.
मी जुन्याच प्रश्नावर खूण केली.
उत्तराची चौकट रिकामी ठेवली,
उद्या आणते म्हटलं.

आग्नेल तिचा धाकटा भाऊ.
पाव घेता घेता नंबर मागितला.
त्याने का विचारलं नाही,
दोन उंडे जास्त घातले तेवढे.

संध्याकाळी दिवाडीच्या धक्क्यावर लिहिलं:
एस्पी, तुझ्या नावातला सी
अजून शेपटीचाच का?
बँकेला हवं आहे.
मग तिसरी ओळ खोडली.
मग परत लिहिली.
स्विंडनला तेव्हा दुपारचा दीड.
जेवत असेल, किंवा शिफ्टवर.

धक्क्यावर निरोपापुढे नुसतं घड्याळ.
नदीच्या मध्यावर एक खूण उमटली.
दुसरीची वाट बघत मी कठड्याशी उभी,
आणि रुझारला आजच काय घाई होती कोण जाणे,
फळी धाडकन नार्वेला टेकली.
चला, चला, स्कूटरी आधी काढा!

रेंज गेली.
आता उद्या आठ वीसला काय ते.