हरकती व सूचना

शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या तिसरी-चौथीच्या,
त्यामुळे सगळेच आज गुडघे पोटाशी घेऊन बसलेत,
कार्यकारी अभियंतासुद्धा.
मी कोपऱ्यात, इतिवृत्त लिहायला.
रोजंदारीवर, चहा धरून.

फळ्यावर नकाशा टांगलाय:
भांडुपच्या खाडीकडून हमरस्त्यापर्यंत लाल रेघ,
म्हणजे आत्ताची लाइन.
तिच्या शेजारून हिरवी, तुटक,
म्हणजे होणारी, सगळी जमिनीखालून.
लाल रेघेचं वय साठ, साहेब म्हणाले,
चिनीमातीच्या चकत्यांना तडे गेलेत,
आणि मे महिन्यात भार वाढला की
तार झोळ धरते, पत्र्यांच्या दिशेनं.
झोळ हा शब्द मी खोडला,
दुसरा सुचेना, पुन्हा तोच लिहिला.

रस्ता किती महिने खोदणार?
नोंद घेतली.
धुळीचं काय? नोंद घेतली.
बिल वाढेल का? हा आजचा विषय नाही,
तरी नोंद घेतली.
सातव्या मजल्यावरच्या ज्योत्स्ना रेडकरांनी
स्वतःच्या डोकेदुखीची फाइल आणली होती, तारीखवार.
मुजावर गॅरेजवाले म्हणाले, खोदा की,
पण आठ दिवस म्हणजे आठच.
मागं पाण्याच्या लाइनीचे आठ दिवस
माझ्या मुलीच्या निकाहाला सुरू झाले
ते नातवाच्या अकिक्याला संपले.
हशा पिकला.
हशा इतिवृत्तात घ्यायचा नसतो.

गोमती वैती उठल्या नाहीत. बसूनच बोलल्या:
"मनोरा उभा केला तवा
माजे सासऱ्याला कोनी इचारला नाय.
आता काढताना इचारताव, बरा हाय.
पन काढल्यावर खालची जागा कोनाची?"
साहेबांनी शेजारच्या साहेबांकडे पाहिलं,
त्यांनी नकाशाकडे.
नकाशा पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता.
तपासून कळवण्यात येईल.
हे वाक्य मला लिहावं लागत नाही,
आधीच टाइप केलेलं असतं.

मग अगदी मागून, बाबू आयरे.
निवृत्त जॉइंटर. उजव्या हाताची दोन बोटं
पहिल्या पेराशीच थांबलेली.
हरकत? नाही.
मग सूचना? तसंही नाही, म्हणाले, सांगायचंय.
लाइन जिथं मनोऱ्यावरून उतरून रस्त्याखाली जाते,
तिथं चिंचेजवळ, पानवाल्याच्या डाव्या अंगाला
चार फुटांवर एक जोड आहे.
तुमच्या नकाशात नाही तो.
प्रसूतिगृहाचा पुरवठा गेला होता, रातोरात केला.
कागद मागाहून करू म्हणाले तेव्हाचे साहेब,
त्यांची बदली झाली, मग ते वारले.
शिसं मी ओतलंय. कागद आता मीच.
"जेसीबी नको तिथं. हातानं खणा.
आणि कापाल त्या दिवशी मला बोलवा.
हार घालायला नाही.
लाइन कागदावर बंद असणं आणि हाताला बंद लागणं,
यात दोन बोटांचा फरक असतो."

कुणी हसलं नाही.
तक्त्यात रकाने पाच:
नाव, पत्ता, हरकत, सूचना, अभिप्राय.
मी त्यांचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला,
पुढं पेन टेकवून बसले,
शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.
साहेब घड्याळ पाहून म्हणाले, आभारप्रदर्शन.

सगळे गेल्यावर नकाशा उतरवला.
त्यात चिंच नव्हती. पानवाला कुठून असणार.
गुंडाळण्याआधी अंदाजानं, हिरव्या तुटक रेघेवर,
बॉलपेननं एक फुली मारली.
असं करायचा मला अधिकार नाही.

फाटकाशी आयरे उभे होते,
डोक्यावर तारांची ती बारीक गुणगुण.
"कुठं मारलीत?"
यांना कसं कळलं, ते विचारायचं राहून गेलं.
स्कूटरच्या सीटवर नकाशा उलगडून दाखवला.
त्यांनी अर्धं बोट टेकवलं, डोळे बारीक केले,
"अर्धा इंच अलीकडे घ्या."