पान त्रेचाळीस

मोन्तेविदेओत नदीकडून वारा सुटला की
एउलोहियो दुकानाचं अर्धं दार लोटून घेतो
आणि कडू येर्बाचा घोट घेत मोजतो
त्या थोर कादंबरीच्या अकरा प्रती.

'शतकातून एकदाच', असं मलपृष्ठ म्हणतं.
विकायला आणणारा प्रत्येक जण म्हणाला,
"अप्रतिम! घरात जागा नाही, म्हणून."

पण बसचं तिकीट, औषधाची चिठ्ठी,
निलगिरीचं वाळकं पान,
खुणा सगळ्या त्रेचाळीसच्या आसपास.
तिथे नायक जिना चढू लागतो
आणि साठ पानं चढतच राहतो.
पुढचा कागद करकरीत.
एका प्रतीत तर पानं कापायचीही राहिलेली.

नाव सोनूबाई, आपण म्हणू.
तो नाही म्हणत.
तोही तरुणपणी तिथूनच मागे फिरला होता
आणि त्याच संध्याकाळी धक्क्यावर
एका मुलीला तासभर सांगत बसला होता
शेवटाबद्दल :
गच्ची, गच्चीवरून दिसणारा समुद्र.
तिनं लग्न केलं त्याच्याशी.

काल नेलिदाची पेटी उघडली,
ती गेल्यावर तीन वर्षांनी.
लोकरीखाली बारावी प्रत.
खूण कुठेच नाही.
शेवटच्या पानावर पेन्सिलीनं, बारीक :
"संपलं एकदाचं.
गच्ची येतच नाही.
याला सांगायचं नाही."

आज दुपारी एक पोरगा आला, ओल्या बुटांनी.
"चांगलं आहे का हो हे?"
एउलोहियोनं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"शेवटी," म्हणाला, "गच्चीवरून समुद्र दिसतो."