निरोप्या

होव्हच्या धक्क्यावर, बर्फघराच्या माळ्यावर,
मिठाच्या पोत्यांशेजारी आम्ही सर्व्हर ठेवला.
हानुस म्हणाला, इथं उबेला कुणी येत नाही,
यंत्र सुखी राहील.

पहिला दिवस प्रमाणपत्रात गेला.
घड्याळ सात मिनिटं मागे होतं,
आणि ब्रोकर म्हणे, हे प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही.
दुसरा गेला एका स्वल्पविरामात.
तिसऱ्या पहाटे खाडीतल्या अकरा पिंजऱ्यांतून
पाणी बोलू लागलं:
प्राणवायू इतका, खार इतका,
सामन चाऱ्याकडे बघत नाहीत.

ब्रोकरला यातलं काही कळत नाही.
तो पाकीट फोडत नाही.
कोण बोललं, कुणाला हवंय, पोचलं का,
एवढंच.
पोचपावती येईतो तेच दार पुन्हा वाजवायचं.
बायनिर म्हणायचा, गावात असा एक माणूस असता
तर निम्मी भांडणं झाली नसती.
निम्मी लग्नंही, हानुस म्हणायचा.

जोडलं जाताना प्रत्येक यंत्राला
त्याच्यापाशी एक चिठ्ठी ठेवता येते:
मी न सांगता गप्प झालो, तर हे सगळ्यांना सांग.
आम्ही लिहिलं, पिंजरा चार बंद. पिंजरा पाच बंद.
तारेसारखं, शब्दाला पैसे पडत असल्यासारखं.

ऑक्टोबरात हानुसने मेंढ्या कापल्या,
सुम्बाच्या त्याच्या फटीफटींच्या खोपटात
वाऱ्यावर वाळायला टांगल्या,
आणि गुपचूप आमच्याच ब्रोकरला
जोडला एक स्वस्तातला सेन्सर.
कंपनीच्या वायरीवर घरचं मांस.
मला लॉगमध्ये दिसलं. बोलले नाही.

नोव्हेंबरात तो गेला.
धक्क्यावर, हातात दोरी, वाक्य अर्धं.

त्याचा फोन बंद. त्याच्या नावची रांग मात्र वाढत राहिली,
दर दहा मिनिटांनी एक:
दमटपणा ब्याऐंशी. वारा वायव्येचा.
दमटपणा ऐंशी.
डिस्क भरत आली तेव्हा मी ती पुसायला बसले, दोनदा,
आणि दोनदा कॉफी करायला उठले.

मग डिसेंबरचं वादळ. सुम्बाची वीज गेली.
ब्रोकर थांबला, ठरल्या वेळेच्या दीडपट,
उंबऱ्याशी अडखळलेल्याला सवड द्यावी तसा.
आणि रात्री तीन वाजता
आम्हा नऊ जणांच्या फोनवर, गजराच्या वाटेनं:

'खोपटातली वीज गेलेली दिसते.
मी उठलो नाही तर समजा, झोपलोय.
पश्चिमेच्या फळ्या लावा, पाणी आत आलं तर मांस नासेल.
एक तंगडी बायनिरची.'

निरोप न घेता गेलेल्या माणसाचा निरोप.

चौघं गेलो, बोगद्यातून, एका गाडीत.
गाडीत कुणी बोललं नाही.
फळ्या फुगल्या होत्या, बुटानं ठोकाव्या लागल्या.
टॉर्च माझ्या दातांत, थुंकी हनुवटीवर,
आणि तो वास, लोकर, मीठ,
आणि काहीतरी गोडूस, ज्याला आमच्याकडे
बाहेरचा माणूस नाक दाबतो.

साडेसहाला वीज आली.
सेन्सर जोडला गेला, दमटपणा अठ्ठ्याऐंशी म्हणाला,
आणि तीच चिठ्ठी, शब्द न शब्द तीच,
पुन्हा ब्रोकरच्या हवाली करून कामाला लागला.

रांग मी त्या सकाळी पुसली.
चिठ्ठीला हात लावला नाही.
बायनिर खोपटातच होता,
एकेक तंगडी दाबून बघत,
कुठली, ते अजून ठरत नव्हतं.